चाळीस तास

फॉर्मवर छापलंय : चाळीस तास.
दर मंगळवारी चार, पोर्तुगीज बोलणाऱ्या वस्तीत,
शेवटी दोन पानं मनन आणि केंद्रचालकांची सही.

फॉल रिव्हरला बस मला उतरवते
जुन्या कापडगिरणीच्या पायथ्याशी.
ग्रॅनाइटच्या त्या भिंतींआड
आता गाद्या विकतात.

चर्चच्या तळघरात ज्येष्ठांचं केंद्र.
पत्त्यांची चार टेबलं, केलच्या सूपचा वास,
आणि खिडकीपाशी विणत बसलेली देओलिंदा.
ती माझ्या वाट्याला आली,
कागदावर मात्र मी तिच्या.

पहिलं वाक्य मी बसमध्ये सात वेळा घोकलं होतं.
आमच्या प्राध्यापिका साओ पावलोच्या,
त्यांचे स्वर दोरीवर वाळत घातल्यासारखे ऐसपैस.
देओलिंदाने ऐकून घेतलं, टाका पुरा केला,
आणि इंग्रजीत विचारलं,
"तू टीव्हीतली का?"

तिची बोली साँव मिगेल बेटावरची.
तिचा 'उ' ओठांबाहेर पडण्याआधी
वाटेत 'इ'च्या घरी डोकावून येतो.
माझ्या वहीत त्या स्वराला खूण नव्हती.
तीन मंगळवार मी मान डोलवत राहिले,
हो हो, छान छान म्हणत राहिले,
आणि त्यातलं एक 'छान'
तिच्या नवऱ्याच्या मरणाला गेलं,
हे मला चौथ्या मंगळवारी कळलं.
तिने ते मोजलं नाही. किंवा मोजलं असेल.

मग वीज कंपनीचं पत्र आलं.
कोशात 'थकबाकी' होता, 'हप्ता' होता,
'सवलतीस पात्र' कुठेच नाही.
"फोन लाव," ती म्हणाली, "शब्द नंतर शोध."
पाऊण तास आम्ही दोघींनी कंपनीची बासरी ऐकली.
ती बटाटे सोलत होती,
एक सुरी तिने माझ्याकडेही सरकवली.
हा पाऊण तास कुठल्या रकान्यात भरायचा?
'सांस्कृतिक संवाद' की 'इतर'?

"किती देतात तुला याचे?"
"पैसे नाही देत. क्रेडिट. तीन."
शब्द तिच्या भाषेतही तोच, फक्त
तिच्याकडे तो वाण्याच्या वहीतून आलेला.
तिने सुरी खाली ठेवली.
"म्हणजे उधारी. एवढ्या लहान वयात! कोणाची?"
मी समजवायला गेले,
माझी क्रियापदं दुसऱ्याच वाक्यात संपली.
"आणि चाळीस तास?" ती हसू लागली,
"गिरणीत आमचे गुरुवारीच भरायचे."

शेवटच्या मंगळवारी केंद्रचालक तापाने घरी.
देओलिंदाने फॉर्म ओढून घेतला,
माझ्या नावाखाली बोट फिरवत वाचलं :
नोएल पेलेतिये.
"पेलटियर," मी म्हटलं. आमच्याकडे असंच म्हणतात.
"नाही. माझ्या शेजारच्या मागावर होती एक,
ओरोर पेलेतिये. क्वेबेककडची.
तिनेच शिकवलं, धागा तुटला
तर आधी हात काढायचा, मग ओरडायचं.
तुझी कोण?"

ठाऊक नाही.
आमच्या घरात फ्रेंच शिव्यांपुरती उरली होती,
आजोबांबरोबर त्याही गेल्या.

मग तिने सही केली.
एकेक अक्षर, जीभ दातांत धरून,
तारखेच्या चौकटीत घुसलेली 'दा'ची शेपटी.
विद्यापीठ ती मानेल की नाही, कोण जाणे.
"पुढल्या मंगळवारी येताना कांदे आण," ती म्हणाली.
चाळीस भरले, हे मी सांगितलं नाही.

मनन अजून दीडच पान झालंय.
'समाजाला काय मिळालं?'
विजेचं बिल, तीन हप्त्यांत.
पुढचा प्रश्न कोरा ठेवून
मी बसच्या काचेवर तोंड नेऊन
तिच्यासारखं म्हणून बघते, हळूच,
आधी तो 'उ', मग माझं आडनाव.
शेजारचा मुलगा कानातला इअरफोन काढतो :
"मला काही म्हणालीस?"