दोर झेलणारी

धक्क्यावर दोर झेलायचं काम माझं.
जहाज आडवं लागतं, वरून एखादा पोरगा बारीक दोरी भिरकावतो,
तिच्या टोकाला मुठीएवढी गाठ.
ती छातीवर बसू द्यायची नाही, खांद्यावरून जाऊ द्यायची,
मग ओढत राहायचं
मागून मनगटाएवढा दोर येईपर्यंत.
खुंटाला अडकवला की झालं.

बाबांनी शिकवलं. त्यांच्या वेळी
तीन-तीन करडी जहाजं एकाला एक खेटून,
आणि गावातल्या पबात चिल्लर संपायची.

यंदा एप्रिलनंतर एकही नाही.
खुंटांवर पाणकावळे पंख वाळवतात.

लंडनहून पत्र आलं:
फॉकलंडच्या रक्षणाची बांधिलकी अबाधित आहे.
मिसेस पेन्गेलींनी ते पोस्टाच्या काचेवर लावलं,
मेंढ्यांच्या लिलावाखाली.

माझा भाचा कॉरिन प्लिमथच्या गोदीत रंगारी.
म्हणतो, आहेत की जहाजं, आत्या!
तोच कठडा पाचव्यांदा रंगवतोय.
पहिल्याचे सुटे भाग दुसऱ्याला दिले,
दुसऱ्याचे तिसऱ्याला,
तिसऱ्यावर चढायला माणसं नाहीत.
मोठं घर, पोकळ वासा.
तो हसतो. मागे कुठेतरी हातोडा वाजत राहतो.

रात्री टेकडीवरून पाहावं तर क्षितिजावर शहर पेटलेलं.
शहर कसलं, माकुलं धरणाऱ्या परक्या बोटी,
दिवे इतके की मेंढ्या अवेळी उठून चरू लागतात.
आमची हद्द तिथेच कुठेशी.
पाण्यावरची रेघ ती.
राखायला एक जहाज होतं,
दुरुस्तीला गेलं ते गेलंच.

जूनमध्ये, पहाटे तीनला, त्यातली एक आत शिरली.
ना निशाण, ना परवानगी.
नाइटगाउनवर कोट चढवून मी धक्क्यावर.
ब्याऐंशीच्या एप्रिलात बाबा खिडक्यांना गाद्या लावत होते,
ते आठवलं. असंच सुरू होतं का?

कठड्यावर एक म्हातारा. ओरडत होता, मला कळेना.
मग त्याने एका पोराला पुढे केलं,
पोराच्या हाताला टॉवेल, टॉवेलावर टॉवेल.

दोरी आली. चुकलेच मी, छातीवर बसली.
ओढली. मागून जाड दोर आला,
तसाच ओला, तसाच जड.

सकाळी नोंदवही उघडली.
येण्याचं कारण, या रकान्यात
वरच्या ओळीत एप्रिलमधलं माझंच अक्षर: गस्त.
त्याखाली लिहिलं:
दोन बोटं.