खात्री नसेल तर

अंबडला, पत्र्याच्या शेडमध्ये, दुपारी
पंख्याचा वारा फक्त कॅलेंडरला लागतो.
मी कर्नलची यादी उघडून बसले आहे:
सिरियल पोर्ट, हो.
पॅरलल पोर्ट, मॉड्यूल म्हणून.
फ्लॉपी...
हात थांबतो.
ओळीओळीखाली कुणीतरी लिहून ठेवलंय,
खात्री नसेल तर 'नाही' म्हणा.

इतकं सरळ मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

लेथ एकोणनव्वदची. बनवणारी कंपनी बुडाली,
तिचं मॅन्युअल उंदरांनी सत्ताविसाव्या पानापर्यंत वाचलं.
चालू केलं की पडद्यावर अक्षरं धावतात
आणि एका ओळीवर अडतात:
उपकरण उत्तर देत नाही.
तीन दिवस. बॉड रेट बदलला, पॅरिटी बदलली,
एम. जी. रोडवरून नवी केबल आणली.
उपकरण उत्तर देत नाही.

पगारे चहा घेऊन आले.
नाशिकरोडहून बसने येतात, बत्तीस वर्षं, याच मशीनवर.
'मॅडम, तुम्ही फार लवकर विचारता तिला.
आधी खर्रर्र करते, मग टक्.
टक् झाल्याशिवाय ती कुणाचं ऐकत नाही.
मोठ्या साहेबांचंसुद्धा नाही.'

घड्याळ लावून टक् मोजलं.
सातशे मिलिसेकंद.
ड्रायव्हरमध्ये एकच ओळ घातली, थांब,
आणि लेथनं आपलं नाव सांगितलं.

आता रात्री, सिडकोत, शेजारचा कुकर गप्प झाल्यावर
मी पान लिहिते आहे. मराठीत,
कारण पुढचा जो येईल तो सातपूरच्या आयटीआयचा असेल
आणि घाबरलेला असेल.
'सातशे थांबा. कारण:'
इथं माझंच गाडं रुततं.
डेटाशीट नाही, आकृती नाही,
कपॅसिटर म्हातारा झाला असावा, हा अंदाज.
अंदाज लिहिला. खोडला.
शेवटी: 'टक् ऐकू येईपर्यंत. पाहा: पगारे.'

सगळी पानं एकत्र बांधायला लावली.
एकशे चौदा पानं, चुका शून्य, इशारा एक:
'पगारे' हा संदर्भ कुठेही सापडला नाही.

एकतीस तारखेला ते निवृत्त होताहेत.
कंपनीनं शाल आणून ठेवलीय, आणि एक भिंतीवरचं घड्याळ.

इशारा बंद करता येतो, एका शब्दात.
करू का?
खात्री नाही.
मग, नाही.

उद्या चहाच्या आधी वही घेऊन जाईन.
खर्रर्रपासून सुरुवात करू.