स्मरणचित्र

शनिवारचा शेवटचा तास चित्रकलेचा,
म्हणजे बहुधा गणिताचा.
काळबांडे सर खडू घेऊन दारात उभेच असतात,
"मॅडम, थोडा सिलॅबस राहिला,"
आणि मी रंगपेटी छातीशी धरून
उगाच हसते.

त्या शनिवारी ते नव्हते.
मेहुणीचं लग्न होतं, रामटेकला.

टांडापेठेतली शाळा. खिडकीबाहेर
गल्लीतला उरलेला एकच माग चालू,
बाकीचे भंगारात गेले.
एप्रिल. सकाळची शाळा, तरी रंग बशीतच वाळतो,
मुलं थुंकी लावून तो ओला करतात,
मी तिकडे बघत नाही.

फळ्यावर लिहिलं : स्मरणचित्र.
विषय : आमच्या घरचं जेवण.
एलिमेंटरीला असलेच विषय येतात,
माणसं किमान तीन, मागे खिडकी वगैरे.

चेतना निमजेनं ताट काढलं तिरपं.
वरण कागदाच्या कडेकडे ओघळलेलं.
तिच्याच पेन्सिलीनं मी तिला समजावलं,
हे बघ, लंबवर्तुळ. डोळ्यांची पातळी इथे.
जमिनीवरचं ताट असं दिसतं, आडवं, शांत.
ती मान हलवत राहिली.
मग खोडरबर शोधल्यासारखं करत म्हणाली,
"बाबा आले की तिरपंच असते ते, मॅडम."

बावीस वर्षं झाली
मी यथार्थदर्शन शिकवते आहे.

तिच्या घरी गेले. आईनं चहा टाकला.
"पोरगीच तशी. मनातलं काढते काहीबाही."
मांडणीत ताटं उभी होती, घासलेली, लख्ख.
एकाला पोचा.
तो आम्ही दोघींनी पाहिला
आणि दोघीही साखरेबद्दल बोललो.

पुढच्या शनिवारी पाठ बदलला.
शेजारच्याचं मनगट हातात घ्या,
जसा दिसतो तसाच रंग तयार करा.
आधी नुसता गोंधळ.
हेडाऊच्या पोरानं गजभियेचा हात धरायला
जरा वेळ लावला, पण धरला,
मग दोघं पिवळ्या मातीवरून भांडले.
"मी का तर्री होय? लाल कमी कर ना बे!"
वर्गभर हसू.
नाझनीननं चेतनाचा हात रंगवला होता,
तपकिरी, थोडा पांढरा,
आणि मध्येच हिरवा.
"हा हिरवा कुठून आणलास?"
"तिथे आहे ना, मॅडम. कडेला पिवळापण आहे."

हसू आपोआप थांबलं. माग तेवढा चालू.
चेतनानं हात काढून घेतला नाही.
खरं तर तेव्हाच मला काही म्हणता आलं असतं.
मी ब्रश धुवायला सांगितले.

स्टाफरूममधल्या कपाटामागे
एक पत्रक कधीचं चिकटवलेलं आहे,
अर्धा फोन आणि अर्धं मूल बाहेर डोकावतं.
कपाट सरकवायला नववीची चार पोरं लागली.
जुने पेपर, पालीची अंडी,
आणि आकडे.
आधी मी फोन केला. पलीकडची बाई
नाव विचारत होती, पत्ता विचारत होती,
माझा आवाज मलाच कुणा मुलीचा वाटला.

त्यानंतरचा तास अक्षरलेखनाचा.
एक, शून्य, नऊ, आठ.
प्रत्येक आकडा पाच सेंटीमीटर उंच,
वहीच्या शेवटच्या पानावर, गडद.
कुणाचा आहे, कधी फिरवायचा, पैसे लागत नाहीत,
हे रेघा मारता मारता सांगितलं,
जसं सांगते की टी-स्क्वेअर घट्ट धरा.

काळबांडे सर दारात. खडू.
"मॅडम, सिलॅबस..."
"चालू आहे," मी म्हटलं.

चौतीस वह्या. मी बाकांमधून फिरले.
नाझनीनच्या आठाला कंबरच नव्हती,
गजभियेनं नवाला मिशा काढल्या होत्या.
चेतना शून्यावर थांबलेली.
जीभ दातांत धरून ती लंबवर्तुळ पुरं करत होती.
जरा तिरपं आलं.

मी पेन्सिल कानामागे खोचली
आणि पुढच्या बाकाकडे गेले.