किती वाव

हर्णैच्या धक्क्यावर लिलाव संपलाय.
बर्फाच्या पाण्यात उभे राहून
चौघं मोबाईलात बघतायत
कुठल्याशा देशात शिरलेले रणगाडे,
आणि भांडतायत:
आपण काय पाठवायचं?
औषधं, कांबळी? बंदुका?
की नुसता निषेध, दोन प्रतींत?

इब्राहीम तांडेल जाळ्याची गाठ दातांनी ओढतो.

सुवर्णदुर्गामागं हिराजी पावसेची होडी फुटली
त्या रात्री, म्हणतो, दोर फेकला आम्ही.
चाळीस वाव.
ते दोघे भाऊ आणखी पाच वाव लांब.
पुढं खडक.
माझ्या होडीत सहा माणसं,
त्यातला एक माझा पोरगा,
मिसरूडही न फुटलेला.

मग?

मग जाळं कापलं. नवंकोरं,
बायकोच्या पाटल्या मोडून घेतलेलं.
त्याचा दोर या दोराला जोडला.
जोडायला वेळ लागतो, बाबा.
ओल्या दोराला गाठ बसत नाही.
हिराजी आला.
धाकटा नाही.

खडकात शिरला असतास तर?
कुणीतरी विचारतं.

तांडेल सुई दोऱ्यातून काढतो, पुन्हा घालतो.

त्यांची आई रोज येते लिलावाला.
माझ्या टोपलीवर पहिली बोली तिची.
दुसरी मी होऊ देत नाही.