पाच अंश आधी

केरीचा चढ लागला की तिचा जीव जायचा.
मागे चाळीस डबे काजूची बोंडं,
वर एप्रिलचं ऊन,
आणि सायलेन्सरमधून एकेक बार,
जत्रेनंतर कुणाच्या खिशात राहिलेल्या आपटबारासारखा.
भट्टीवाला गुरुदास नाकाला रुमाल लावून म्हणायचा,
"तुझी बोंडं वाटेतच आंबून येतात रे."

वाळपईत सगळ्यांनी हात धुऊन घेतले.
एकाने कार्ब्युरेटर रॉकेलात बुडवला,
एकाने कॉइल बदलली, पैसे आधी घेतले.
तिसरा पुलीवरची खूण बघून टायमिंग लावायचा,
अगदी खुणेला खूण.
गाडी तशीच.

शेवटी मासोर्ड्याला इनासकडे नेली.
त्याचं गॅरेज म्हणजे एक फणस
आणि फणसाला टेकवलेला पत्रा.
मी सांगायला लागलो, तर म्हणाला, "राव मरे."
रात्र होऊ दिली.
बल्ब विझवला, बॉनेट उघडं, इंजिन चालू.
वायरींवरून निळं काही सरपटतंय का,
दोघंही वाकून बघत राहिलो.
एक काजवा आला तेवढा.
"वायरी बऱ्या."
मग टॉर्चच्या उजेडात पॉइंटमध्ये पत्ती घालून
हळूच ओढली,
घासातला काटा जिभेने शोधावा तशी.
"तेही बरे. जेव आणि झोप."

सकाळी पहिला प्लग काढला. भोकावर अंगठा.
"फिरय."
मी हँडल मारलं. अंगठ्याखालून फट्‌ करून वारा.
"ही दाबाची फेरी."
मग झावळीचा एक हीर सोलून
त्याने भोकात सोडला.
मी बोट बोट फिरवत गेलो.
हीर वर आला, वर,
आणखी तांदळाएवढा,
थांबला.
"आता पुलीकडे पळय."
खूण तिथे नव्हती.
दोन बोटं पलीकडे होती.

पुली भंगारातली,
कुठल्या मेलेल्या गाडीची.
तिच्या गाडीपुरतं ती खरंच सांगत होती.
आम्ही तीन वर्षं तिलाच विचारत होतो,
आणि ठिणगी पडत होती, रोज, इमानाने,
पिस्टन निघून गेल्यावर.

"फ्लाविया, ती नखांची बाटली हाड गो!"
"सगळी संपवू नकात, शापाय."
केसाएवढी लाल रेघ पुलीवर.
ती सुकावी म्हणून फुंकर नातीनेच घातली,
आपल्या बोटांवर घालते तशी.

इनासने डिस्ट्रिब्युटर सैल केला,
नारळ कानाशी धरावा तसं डोकं कलतं केलं
आणि किंचित फिरवत गेला.
"रेघेवर नको. पाच अंश आधी."
"आधी का?"
"जळायला वेळ लागता न्हय?
हीर थांबल्यावर पेटवशील, तर झालाच उशीर."

पैसे नकोत म्हणाला.
मग घेतले.
वर हुर्राकाची एक बाटली सांगून ठेवली.

केरीच्या चढावर मी सवयीने कान टवकारून बसलो होतो.
दुसऱ्या वळणावर सत्यवती
बिया वाळत घालता घालता उठली,
रेडिएटरसाठी पाण्याची कळशी घेऊन
रस्त्याच्या कडेला आली, नेहमीसारखी.
मी हात केला. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती,
थांबवता आली नाही.

आरशात ती कळशी कमरेवर घेऊन
तशीच उभी.

परतताना थांबलो.
"बिघडली?" तिने विचारलं.
"नाही," म्हटलं,
आणि पाणी मी प्यालो.