नमुना क्रमांक चार

जिल्हाकोशाच्या समितीपुढे
मनमाड आणि मालेगाव यांच्या मधोमध
एक नोंद निघाली:
मयूर परमिट रूम, जेलरोड, नाशिकरोड.
प्राध्यापक औट्यांनी चष्मा काढून विचारलं,
"ही कुणी घुसवली?"
मीच. पण मी पाण्याचा ग्लास उचलला.

नियम साधा आहे: दोन स्वतंत्र, छापील साधनं.
एक भिंतीवर, चौकटीत,
दर साली नवं होणारं एफएल-तीन,
त्यात केवलराम लुल्लांच्या आडनावात एक 'ल' कमी.
दुसरं एकोणऐंशीच्या वर्तमानपत्रात, पान पाच, चार ओळी:
'जेलरोडवरील एका परमिट रूममध्ये बाचाबाची.'
एका.
औटे म्हणाले, या 'एका'वर नोंद उभी राहत नाही.

उधारीची वही चालेल?
हस्तलिखित.
निरभवणे वेटरची आठवण?
मौखिक.
(निरभवणेला पाठ आहे, कुणाला सोडा, कुणाला साधं पाणी,
आणि कुणाला तिसऱ्यानंतर
'संपली' म्हणून सांगायचं.)

द्राक्षमळ्यांतल्या चाखणघरांना मात्र
सव्वादोन पानं आहेत, रंगीत,
वास कसा घ्यावा, ग्लास कसा धरावा, सगळं.
मयूरमध्ये ग्लास
पडू नये म्हणून धरतात.

तेव्हा मी समितीला म्हणालो
(म्हणालो नाही, घरी येऊन भिंतीला म्हणालो)
की दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला
की प्रेसमधून जी माणसं तिथे यायची
त्यांनी दिवसभर छापलेलं असायचं
मुद्रांक, पोस्टाची तिकिटं, पासपोर्ट,
म्हणजे या देशात जे जे खरं धरायचं
त्या सगळ्याचा कागद.
गेटवर झडती देऊन, खिसे उलटे करून
ती रिकाम्या हातांनी येऊन बसायची
आणि त्यांना नुसत्या शब्दावर क्वार्टर मिळायची,
एक तारखेपर्यंत.

हितसंबंध जाहीर करावेत, असा आठवा नियम आहे.
करतो.
मी सात वर्षांचा, खाकी हाफ चड्डीत, उंबऱ्याबाहेर.
आईचा निरोप: जेवण गार होतंय.
आत यायची मला बंदी, खुद्द लुल्लाशेठची.
ते गल्ल्यावरून उठायचे,
चिवड्याची पुडी माझ्या हातात द्यायचे, कांदा वेगळा,
मग आत तोंड करून ओरडायचे,
"खैरनार, मोठे साहेब आलेत!"
वडील लगेच उठायचे.
नेहमी नाही.
एकदा चिवडा संपला, मग पुडीचा कागद
दोन्ही बाजूंनी वाचून संपला.
मी वाचायला त्या पायरीवर शिकलो
असं लिहिलं तर कवितेला बरं,
पण शाळेतच शिकलो.

चार विरुद्ध एक. नोंद गळली.
आता मनमाडनंतर मालेगाव.

मी मागे, सूचीत, जिथं कुणी फिरकत नाही,
दोन ओळी ठेवून दिल्या:
मयूर: पाहा, जेलरोड.
जेलरोड: पाहा, मयूर.

मुद्रितं तपासायला कातकाडे आहेत,
प्रेसमधून निवृत्त, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेले.
त्यांची तांबडी पेन्सिल सूचीवरून उतरत आली,
थांबली,
वरच्या ओळीवर गेली, पुन्हा खाली आली.
"ते कोपऱ्यातलं टेबल अजून हलतं का हो?"
"नाही आता.
माहिती भरून द्या म्हणून शेठच्या मुलाला
नमुना क्रमांक चार दिला होता.
त्याने चार घड्या करून पायाखाली सरकवलाय."
"भरून?"
"कोराच."
पेन्सिल पुढच्या पानावर गेली.