शून्य कुठनं धरायचं

जयगडला भरतीचं कोष्टक भिंतीवर असायचं.
ओहोटी कधी लागणार, ड्रेजर कधी वळवायचा,
कोळशाचं जहाज किती वाजता आत घ्यायचं.
अकरा वर्षं माझं घड्याळ चंद्रावर चाललं.

आता कोल्हापूर. कळंबा तलाव.
सकाळी सातला पाणी जिथं असतं
तिथंच ते संध्याकाळी सातला,
रवंथ करणाऱ्या म्हशीसारखं.

दस्तगीर नदाफ होडी थांबवून विचारतो,
"मॅडम, शून्य कुठनं धरायचं?"
तिकडं शून्य म्हणजे सगळ्यात खालची ओहोटी,
समुद्रानं स्वतः आखून दिलेली.
इथं मी सांडव्याच्या माथ्यावर
तांबड्या रंगानं रेघ मारली, खाली तारीख.
इतकं सोपं असतं शून्य करणं,
याची जरा भीतीच वाटली.

यंत्र सांगतं चार मीटर दहा.
दस्तगीरचा बांबू सांगतो चार साठ.
यंत्र गाळाच्या मऊ पाठीवरूनच परत फिरतं,
बांबू टणक लागेस्तोवर आत जातो.
"दोघंबी खरं बोलत्यात," तो म्हणतो,
"बिल कुणाच्या बोलण्यावर?"

ठेकेदार उदगावेंची वही: दोनशे बारा खेपा.
माझी: एकशे एकाहत्तर.
मधल्या डंपरांत निम्मं पाणीच होतं,
नाक्यापर्यंत रस्ता भिजवत गेलं.
तेही त्यांनी मातीच्या भावानं लावलेलं.
मी खोडलं. चहा गार झाला.
"बाई बंदरावरच्या आहेत," ते बाहेर कुणाला तरी म्हणाले.

दुपारी अक्काताई चौगुले ट्रॉली घेऊन आल्या,
कात्यायनीच्या उतारावर त्यांचं वावर.
ढिगाशी वाकून मूठभर गाळ उचलला,
बोटांत चोळला, हुंगला.
"ही आमचीच हाय. वरनं व्हावून आलेली.
हिचं पैसं कशाला मागताय?"

बंदरात काढलेला गाळ कुणी ओळखला नव्हता.
सहा मैल आत नेऊन सोडायचो,
पुढच्या हंगामात तो पुन्हा धक्क्याशी,
आणि पुन्हा निविदा.
त्याला गाव होतं का, मी विचारलंच नाही.

ट्रॉलीचा नंबर लिहिला. घनमीटर अडीच.
पुढचा रकाना: विल्हेवाट.
पेन तिथंच अडलं.
दस्तगीर काठावर बसून बांबू धूत होता,
खालून वर,
चार साठपर्यंत.